निश्चित इंटिग्रलमध्ये एक्सच्या जागी टी ठेवल्यावर लिमिट्स (कुठून कुठपर्यंत ते दोन आकडे) बदलाव्याच लागतात का?

तुमचं गणित असं आहे: २एक्स(एक्स² + १)³ चं ० ते २ इंटिग्रेशन. टी = एक्स² + १ घेतलंत, उत्तर ४ आलं, पुस्तकात मात्र १५६ आहे. इंटिग्रेशन चुकलेलं नाही, टी⁴/४ बरोबरच आहे. त्यात २ आणि ० ठेवलेत तिथं घोटाळा झाला, कारण ते आकडे एक्सचे होते. एक्स ० असताना टी असतो १, एक्स २ असताना ५. म्हणून (६२५ − १)/४ = १५६. खरं तर ४ बघूनच शंका यायला हवी होती. एक्सने १ ओलांडला की हे फंक्शन १६ च्या वरच असतं.

मी लातूरला बारावीची शिकवणी घेतो. वर्गात बरीच पोरं शेतकऱ्यांची, म्हणून फळ्यावर आधी पेरणी मांडतो. सोयाबीनला एकरी ३० किलो बी धरा, दोन एकराला ६० किलो. आता हाच हिशोब गुंठ्यात करू. एकराचे ४० गुंठे, म्हणजे गुंठ्याला पाऊण किलो. दर असा गुंठ्याचा केला आणि रान मात्र 'दोन'च ठेवलं तर बी येतं दीड किलो. पेरून दाखवा तेवढ्यात दोन एकर! डीएक्सचा डीटी केला तेव्हा दर बदलला. रान ८० गुंठे लिहायचं राहून गेलं.

लिमिट्स न बदलताही चालतं. टीच्या जागी परत एक्स² + १ लिहायचं आणि मग २ आणि ० ठेवायचे. फक्त मधल्या पायरीत टीच्या इंटिग्रलवर नुसते ० आणि २ लिहू नका, 'एक्स = ०', 'एक्स = २' असं लिहा. मला बदलणंच सोपं वाटतं, मागे फिरावं लागत नाही.

टी = कॉस एक्स घेतलं की ० ते पाय/२ चे १ ते ० होतात. खाली मोठा आकडा पोरांना बघवत नाही. उलटवा खुशाल, पण उलटवल्याचं एक वजा चिन्ह येतं, ते डीटीतल्या वजाला खातं. दोन्हींतलं एकच लिहिलं की उत्तर उलट्या चिन्हाचं.

याहून खोल खड्डा एक्स² च्या −१ ते १ इंटिग्रलमध्ये आहे. टी = एक्स² घेतलं तर दोन्ही लिमिट्स १ येतात. मग उत्तर शून्य? ते तर २/३ आहे. लिमिट्स बरोबर बदलल्यात; चुकलं ते डीएक्स = डीटी/(२√टी) लिहिताना. तिथं आपण गुपचूप एक्स = √टी धरला, पण शून्याच्या डावीकडे एक्स −√टी असतो. इंटिग्रल ० पाशी तोडायचं, प्रत्येक तुकडा १/३ देतो. तुमच्या गणितात २एक्स आयता समोर होता, एक्स सोडवावा लागलाच नाही. तिथं −१ ते १ दिलं असतं तर दोन्ही लिमिट्स २ येऊन उत्तर शून्य आलं असतं, आणि ते बरोबरच असतं, कारण ते फंक्शन विषम आहे, म्हणजे एक्सचं चिन्ह बदललं की त्याचंही बदलतं, आणि शून्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना खातात.