लेबल आधी बर्फात बुडवून बघ

भावा, पलूसला वाइन भरायला घेतलीस, झकास. पण प्रेसवाला दाखवेल तो कागद डोळे झाकून घेऊ नकोस. साधा आर्टपेपर टेबलावर देखणा दिसतो; बर्फाच्या बादलीत गेला की कडा सुटतात. माझ्या पहिल्या लॉटला हेच झालं. सांगलीच्या एका हॉटेलात वेटरच्या हाताला अख्खं लेबल चिकटून आलं, लगदा होऊन!

व्हाइट वाइनला वेट-स्ट्रेंथ, म्हणजे भिजला तरी न फाटणारा कागदच माग, आणि गोंदही ओल सोसणारा. रेड बर्फात बुडवत नाहीत, तिथं खरखरीत पोताचा कागद खुलतो. पीपी फिल्म, म्हणजे प्लास्टिकचं लेबल, पाण्याला दाद देत नाही, पण मला ती शाम्पूच्या बाटलीसारखी वाटते.

पाचशे-हजार लेबलांना डिजिटल छपाई बरी. प्लेटचा खर्च नाही, द्राक्षांचं वर्ष बदललं की फाइल बदलायची. माल वाढला की फ्लेक्सो किंवा ऑफसेट या प्लेट लावून छापायच्या पद्धतींचा हिशेब कर. सोनेरी फॉइल नावापुरतं ठेव. बारीक अक्षरं त्यात भरून जातात.

नमुना खऱ्या बाटलीवर चिकटव, रात्रभर फ्रिजमध्ये ठेव, सकाळी दोन-तीन तास बर्फाच्या पाण्यात, मग अंगठ्यानं घास. लावताना काच कोरडी हवी. गार वाइन भरली की बाटलीला घाम येतो, त्यावर गोंद धरत नाही.

आणि हो, एक्साइजची (राज्य उत्पादन शुल्क खात्याची) लेबलमंजुरी हातात आल्याशिवाय छापायला टाकू नकोस. वैधानिक इशाऱ्याची जागा डिझाइनमध्ये आधीच सोड.