रात्रपाळीतला पांढरा पुटामेन

रात्री कॅज्युअल्टीतून साठी-सत्तरीच्या बाईंचा सीटी येतो, एका बाजूचा पुटामेन (मेंदूच्या आतला, हालचाली सांभाळणारा एक भाग) पांढरट दिसतो, आणि नवा रेसिडेंट ‘रक्तस्राव’ लिहून मोकळा होतो. तू आधी फोन उचल आणि दोनच गोष्टी विचार: साखर किती, आणि हात-पाय आपोआप हलताहेत का? साखर चारशे-पाचशेच्या घरात, कीटोन (चरबी जळताना तयार होणारी द्रव्यं) नाहीत, आणि विरुद्ध बाजूचे हात-पाय नाचल्यासारखे उडताहेत, तर डायबेटिक स्ट्रायटोपॅथी, म्हणजे वाढलेल्या साखरेचा मेंदूच्या याच भागावर झालेला परिणाम, मनात आण. पांढरेपणा पुटामेन आणि त्याच्या शेजारच्या कॉडेटपुरताच असतो; त्यांच्यामधून जाणारा चेतातंतूंचा पट्टा, इंटर्नल कॅप्सूल, त्यातून सुटतो, भोवती सूज नाही, दाब नाही. रक्तस्राव इतका शिस्तीत वागत नाही! एमआरआयमध्ये टी-वन या प्रकारच्या प्रतिमेवर तोच भाग चमकतो. तो का चमकतो यावर अजून वाद आहेत, परीक्षेत विचारतील तेवढे वाच. मात्र सीटी कधीकधी साफ असतो, तेव्हा टी-वन पाहिल्याशिवाय नॉर्मल म्हणू नकोस.

साखर आटोक्यात आली की हालचाली बहुधा काही दिवसांत-आठवड्यांत ओसरतात, टी-वनची चमक मात्र महिनोन्‌महिने रेंगाळते. फॉलोअपला ती दिसली म्हणून घाबरू नकोस. आणि डिफ्युजनवर (एमआरआयचीच आणखी एक प्रकारची प्रतिमा) दोन्हीकडचं कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, उजळलं, तर साखर उलट फार खाली गेली होती का, हेही विचार.