सिनेमातल्या अपंगांवर पीएचडी करून काय मिळतं?

प्रश्न: ताई, माझी पुतणी सिनेमातल्या अपंग पात्रांवर पीएचडी करतेय. घरचे म्हणतात असले पेपर वाचतं कोण? काय सांगू?

उत्तर: अहो, पॉल लाँगमोरबद्दल सांगा. अमेरिकेतला इतिहासकार, लहानपणी पोलिओ झालेला, तोंडात पेन धरून कीबोर्डवर एकेक अक्षर दाबायचा. १९८५ साली त्यानं लिहिलं की सिनेमा-टीव्हीत अपंग माणूस एकतर खलनायक, नाहीतर मरण मागणारा, नाहीतर जिद्दीनं मात करणारा, म्हणजे प्रॉब्लेम कायम त्याच्या मनात, समाजात कधीच नाही. (आपल्याकडचे लंगडणारे व्हिलन आठवा!) आणि इम्पॅक्टच म्हणाल तर, त्यानं जॉर्ज वॉशिंग्टनवर लिहिलेल्या पुस्तकाची रॉयल्टी घेतली तर व्हेंटिलेटर आणि मदतनीसासाठीची सरकारी मदत बंद व्हायची वेळ, मग पठ्ठ्यानं ऑक्टोबर १९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या सरकारी बिल्डिंगसमोर ते पुस्तकच जाळलं, दहा वर्षं खपून लिहिलेलं. पुढं नियम बदलला, रॉयल्टी कष्टाची कमाई धरायला लागले, त्याला लाँगमोर अमेंडमेंटच म्हणतात. बाकीचे नियम बरेचसे तसेच राहिले म्हणा. पुतणीला त्याचं टेलिथॉनवरचं पुस्तक नक्की मिळवायला सांगा, टीव्हीवर अपंग मुलं दाखवून देणग्या कशा गोळा करायचे त्यावर आहे, तो २०१० ला गेला, पुस्तक २०१६ ला आलं.