डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशन डेटाबेसला कनेक्ट आहे की नाही, हे कोडमधून कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की व्हीबी डॉट नेट या प्रोग्रामिंगच्या भाषेत बिलिंगचं सॉफ्टवेअर करताय, मागे एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आहे, लॉगिनला कनेक्शन उघडता आणि त्या कनेक्शन ऑब्जेक्टची स्टेट 'ओपन' आली की खाली हिरवा दिवा दाखवता. एवढं पुरेसं आहे का? नाही. तो दिवा आजच काढून टाका.

स्टेट म्हणजे त्या ऑब्जेक्टनं स्वतःजवळ ठेवलेली शेवटची माहिती. ती वाचताना वायरवरून एक बाइटसुद्धा जात नाही. सर्व्हर बसला, केबल निघाली, तरी पुढची क्वेरी आपटेपर्यंत ती 'ओपन'च सांगते. विचारायचं तर सर्व्हरला विचारा. नवं कनेक्शन उघडा, त्यावर 'सिलेक्ट १' ही सगळ्यात साधी क्वेरी चालवा, उत्तर आलं तर कनेक्ट आहे. नुसतं उघडून थांबू नका, कारण पूलमधलं, म्हणजे पुन्हा वापरायला राखून ठेवलेल्या कनेक्शनांमधलं, जुनं, मेलेलं कनेक्शन हातात येऊ शकतं.

मी परभणीत कॉम्प्युटर-नेटवर्किंगची कामं करतो. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, बऱ्याच आडत दुकानांची मशिनं माझ्याकडे असतात. हा हिरवा दिवा एका पोराच्या जिवावर उठला होता, म्हणून लिहितोय.

सोयाबीनचा सीझन, दिवाळीच्या तोंडावर. मोंढ्यात पाय ठेवायला जागा नसते. दुकानातलं काउंटरचं मशीन इन्व्हर्टरवर, सर्व्हरचं मशीन आतल्या खोलीत आणि त्याच्या यूपीएसची बॅटरी गेलेली. बॅटरी बदला म्हणून मी सांगून ठेवलं होतं, सीझन झाल्यावर बघू असं उत्तर मिळालं होतं. लाइट जायची-यायची, सर्व्हर रीस्टार्ट व्हायचा, काउंटर मात्र चालूच. प्रोग्राम सकाळच्या लॉगिनला एक कनेक्शन उघडायचा आणि तेच दिवसभर वापरायचा. दिवा लॉगिनला एकदा हिरवा झाला की झाला. सेव्हच्या कोडमध्ये 'ट्राय' होतं, एरर आली तर ती पकडणारं 'कॅच' होतं, आणि कॅचच्या पोटात काहीच नव्हतं. त्याच्याखाली 'सेव्ह झालं' असा मेसेज. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारं मालाचं बिल, छापली जायची ती स्क्रीनवरच्या आकड्यांवरून. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं व्यवस्थित छापलेली पट्टी, आणि डेटाबेसमध्ये तिचा पत्ताच नाही.

दुसऱ्या दिवशी लॉगिन केल्यावर प्रोग्रामनं डेटाबेसमधला शेवटचा नंबर वाचला आणि तिथून पुढं नंबर द्यायला लागला. एकाच नंबरच्या दोन पट्ट्या झाल्या, एक पिंगळीच्या माणसाकडे, एक दैठण्याच्या. दोघंही पैशाला एकाच वेळी आले.

शेठचा संशय सरळ काउंटरवरच्या पोरावर. एंट्र्या उडवल्या आणि पैसे खाल्ले, असं चार माणसांत बोलले. पोरगं रडकुंडीला येऊन एकच सांगत होतं, "मालक, मी सेव्ह केलंय. हिरवंच दिसायलंय की अजून." सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला, स्पीकरवर. तिकडून उत्तर, "दिवा हिरवा आहे म्हणजे कनेक्शन ओपन आहे. ऑपरेटरनं डिलीट केलं असेल, नाहीतर तुमच्याकडचं नेटवर्क खराब असेल." कोड न बघता, लॉग न बघता.

नेटवर्क माझं होतं. मी प्रोग्राम चालू ठेवायला सांगितला, काउंटरच्या मशीनमागची केबल काढली आणि तिचं टोक शेठच्या हातात दिलं. दिवा हिरवाच. पोराला म्हटलं, माझ्या नावानं सोयाबीनची एक पट्टी कर. त्यानं सेव्ह दाबलं. थोडा वेळ चक्र फिरलं, मग 'सेव्ह झालं', आणि प्रिंटरमधून करकरत पट्टी बाहेर आली. शेठ एकदा हातातल्या केबलकडे बघतायत, एकदा पट्टीकडे. "हे कामून असं व्हायलंय?"

तेच मी फोनवर विचारलं, तर म्हणे, "अशी चालू प्रोग्राममध्ये कोणी केबल काढतं का?" त्या माणसाशी माझा वाद तेव्हाही मिटला नाही. सर्व्हरची लाइट गेली की काउंटरवरच्या प्रोग्रामच्या दृष्टीनं केबल काढल्यासारखंच होतं, आणि मराठवाड्यात लाइट जाते. ज्याला इथं सॉफ्टवेअर विकायचंय त्यानं ते इथल्या लाइटीवर चालवून दाखवावं. राहिलेल्या पट्ट्या मापाड्याच्या वहीवरून पुन्हा भरल्या, हिशोब जुळला. पोराची माफी मात्र कोणी मागितली नाही.

तर तुम्ही करायचं ते असं. दिवसभर एक कनेक्शन धरून बसू नका. कामापुरतं उघडा, काम झालं की आपोआप बंद करणाऱ्या 'यूझिंग' ब्लॉकमध्ये, आणि सोडा. पूलिंग मुळातच चालू असतं, त्यामुळे हे महाग पडत नाही. कनेक्ट टाइमआउट ठरलेला १५ सेकंदांचा असतो, दुकानातल्या लॅनला ५ पुरतात. आणि खरी तपासणी सेव्हच्या वेळी करा. सेव्हची कमांड चालवणारं एक्झिक्यूट नॉन क्वेरी किती ओळी बदलल्या ते परत देतं. १ आला नाही तर छापू नका. बिल छापायचं ते कमिट झाल्यावर, म्हणजे डेटाबेसमध्ये पक्कं लिहिलं गेल्यावर, आणि तिथूनच परत वाचून. बिलाचा नंबरही डेटाबेसनंच द्यायचा. कॅच रिकामं ठेवणाऱ्याला मी प्रोग्रामर मानत नाही.

कनेक्ट आहे, पण कशाला, हेही बघा. सर्व्हरचं नाव आणि डेटाबेसचं नाव क्वेरीनं विचारून स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवा. लोकल डीबीची, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरच्या प्रोग्रामरसाठीच्या छोट्या आवृत्तीची, फाइल प्रोजेक्टमध्ये 'कॉपी ऑलवेज'वर ठेवली की प्रत्येक बिल्डला, प्रोग्राम जिथून चालतो त्या बिन-डीबग फोल्डरमध्ये कोरी प्रत पडते, आणि लोक विचारत बसतात की काल भरलेला डेटा गेला कुठं.

दुकानात बसवताना पिंगवर जाऊ नका. पिंगला उत्तर आलं म्हणजे मशीन जागं आहे, एवढंच. एसक्यूएल सर्व्हरच्या फुकट मिळणाऱ्या एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपी आयपी, म्हणजे नेटवर्कवरून जोडणी घेणं, आधी बंद असतं, ते चालू करा आणि पोर्ट तपासा. नेहमीचा पोर्ट १४३३, पण नेमड इन्स्टन्स, म्हणजे वेगळं नाव देऊन बसवलेला सर्व्हर, असेल तर तो सहसा वेगळा असतो. एरर १८४५६ आला तर वायरला शिव्या देऊ नका. तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलात, त्यानं लॉगिन नाकारलंय, बहुधा नाव किंवा पासवर्ड चुकलाय.

एक सांगायचं राहिलं. सेव्ह फसलं म्हणून नवी ओळ भरणारी तीच इन्सर्ट कमांड आपोआप पुन्हा मारू नका. कधी कधी सर्व्हरवर कमिट झालेलं असतं आणि फक्त उत्तर वाटेत हरवतं. मग एकाच मालाच्या दोन एंट्र्या होतात. प्रत्येक बिलाला आधीच एक युनिक आयडी द्या आणि पुन्हा मारण्यापूर्वी तो टेबलात आहे का बघा. डॉट नेट ४.५.१ आणि एसक्यूएल सर्व्हर २०१४ पासून रिकामं पडलेलं तुटकं कनेक्शन एकदा आपोआप जोडून बघितलं जातं, त्यामुळे वरची केबलची गंमत नव्या जोडीवर थोडी वेगळी दिसेल. केबल बाहेरच असेल तर एरर येणारच. आणि उद्या एसक्यूलाइटवर, म्हणजे सर्व्हरशिवाय एका फाइलमध्ये चालणाऱ्या डेटाबेसवर, गेलात तर तिथं 'सिलेक्ट १' उपयोगाचं नाही. फाइलचा रस्ता चुकला तर ते तक्रार न करता नवी रिकामी फाइल तयार करतं आणि १ असं उत्तरही देतं. तिथं तुमच्या एखाद्या खऱ्या टेबलावरच क्वेरी मारा.