खंदक असलेला वाडा

प्रश्न : लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा केंट परगण्यातला ‘आयटम मोट’ हा जुना वाडा पाहिला. मधे घर आणि चारी बाजूंनी पाणी. पण खंदक बेताचाच, आणि खिडक्या थेट पाण्यावर उघडतात. एवढ्यानं शत्रू अडायचा का? आपल्याकडे असे वाडे होते का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : खिडक्यांकडे तुमचं लक्ष गेलं, याचा मला फार आनंद झाला. खरं उत्तर तिथंच आहे. ज्याला वेढ्याची धास्ती असते तो खाली खिडक्या ठेवत नाही. आयटम मोट चौदाव्या शतकातला. इंग्लंडमध्ये अशा खंदकाच्या जागा 5,000 च्या वर आहेत आणि बहुतेक साधारण 1250 ते 1350 या काळात खणलेल्या. खणणारे राजे-सरदार थोडेच, गावोगावचे जमीनदारच जास्त. चोर-दरोडेखोर आणि मोकाट जनावरं बाहेर राहायची, मासे पाळता यायचे, शौचकूपांची घाणही त्यातच जायची. पण माझ्या मते मुख्य कारण मानाचं. सरदाराच्या गढीला पाणी, मग माझ्या दाराशीही हवं!

खंदक जास्त करून चिकणमातीच्या पट्ट्यात सापडतात, कारण तिथं पाणी मुरत नाही. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात पाणी जसं तुंबून राहतं, तसंच. उकरलेली माती मधल्या जागेवर टाकून चौथरा उंच करायचे, म्हणजे घर ओलीपासून वाचायचं.

तरी एका खंदकानं खरोखरच जीव वाचवले. वॉरिकशायरमधलं बॅडस्ली क्लिंटन हे असंच पाण्यानं वेढलेलं घर. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक पाद्र्यांना आसरा देणं हा देहदंडाचा गुन्हा होता. निकोलस ओवेन नावाच्या कारागिरानं तिथल्या जुन्या सांडपाण्याच्या भुयारात लपायची जागा करून ठेवली होती. ऑक्टोबर 1591 मध्ये पहाटे झडती आली, तेव्हा पाद्री त्या भुयारात पाण्यात पाय बुडवून सुमारे चार तास उभे राहिले. वर फळ्या ठोकून बघणाऱ्यांना ते सापडले नाहीत. ओवेन मात्र पुढं पकडला गेला. 1606 मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये छळ सोसून तो मेला, पण एकही जागा त्यानं दाखवली नाही. त्या वाड्यांची गोष्ट सांगताना मालकांच्या आधी मला त्याचंच नाव घ्यावंसं वाटतं.

आता आपल्याकडचं. आपल्या वाड्यांचा भरवसा उंच भिंतींवर आणि दिंडी दरवाजावर. पन्हाळ्याला तटाच्या जोडीला कडे होते. सपाटीवर मात्र खंदक लागायचाच. आपल्या जुन्या कोल्हापूर शहरालाही तट आणि खंदक होता; रंकाळावेस, गंगावेस ही नावं त्याच तटाच्या वेशींची. शाबूत रचना बघायची असेल तर सोलापूरचा भुईकोट गाठा. दुहेरी तटबंदी, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव आणि बाकीच्या बाजूंना खंदक. ते काम वेढा झेलण्यासाठीच केलेलं आहे.