वाचकांचे प्रश्न : मूल दुसऱ्याचे, खंडणी आपली

अकिरा कुरोसावा यांच्या ‘हाय अँड लो’ या १९६३ सालच्या जपानी चित्रपटाविषयी गेल्या अंकात लिहिले, तेव्हा ज्यांनी तो पाहिला असेल त्यांनी आपले मत अवश्य कळवावे, अशी विनंती केली होती. पत्रे भरभरून आली आणि एकाच अपहरणकथेवर मते इतकी टोकाची असू शकतात, हे पाहून समाधान वाटले. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. त्यांत कथेचा शेवट उघड होणार असल्याने, चित्रपट अद्याप पाहायचा असेल तर हे पान तूर्त बाजूला ठेवावे.

ज्यांच्या हाती गेला अंक आला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात अशी : किंगो गोंदो हा बूट तयार करणाऱ्या कंपनीचा संचालक योकोहामातील टेकडीवरच्या बंगल्यात राहतो. भागीदारांना मागे सारून कंपनी ताब्यात घेण्यासाठी त्याने घरदार गहाण टाकून पाच कोटी येन उभे केले आहेत. रक्कम ओसाकाला पाठवण्याच्याच रात्री फोन येतो, की तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, तीन कोटी येन द्या. प्रत्यक्षात उचलून नेलेला मुलगा गोंदोचा नसून त्याच्या ड्रायव्हरचा असतो.

चित्रपटाचा जवळजवळ पहिला तास एका दिवाणखान्यात जातो. माणसे उभी राहतात, बसतात, फोनकडे पाहतात. थरारपट म्हणून पाहायला बसलेल्या आमच्या घरातल्यांना हे नाटकासारखे वाटले. येथे कात्री लावायला नको होती का?
— एक वाचक, कोल्हापूर

कात्री लागली असती तर चित्रपटाचा गाभाच गेला असता, असे माझे ठाम मत आहे. अपहरणाच्या बहुतेक चित्रपटांत गुन्हेगार कोण आणि मूल सुखरूप परतेल का, या दोन प्रश्नांवर आपला जीव टांगणीला लागलेला असतो. येथे पहिल्या तासात तिसराच प्रश्न समोर उभा राहतो आणि तो पहिल्या दोहोंपेक्षा अधिक छळणारा आहे : दुसऱ्याच्या मुलासाठी एखाद्याने स्वतःचा सर्वनाश ओढवून घ्यावा का? आपला मुलगा गेला असे वाटत असताना गोंदो क्षणाचाही विचार न करता मागतील तेवढे पैसे द्यायला तयार होतो. मग त्याचा मुलगा दारातून आत येतो, आणि त्याच माणसाला हिशेब सुचू लागतो. दोन्ही मुले चोर-शिपायासारखा खेळ खेळताना एकमेकांचे कपडे घालून बसली होती, एवढ्याशा गोष्टीवर हा फरक अवलंबून आहे.

पुन्हा पाहाल तेव्हा ड्रायव्हर आओकीकडे लक्ष द्यावे. पडदा रुंद असल्यामुळे दिग्दर्शक सात-आठ माणसे एकाच चौकटीत ठेवू शकतो आणि त्या गर्दीत आओकी बहुतेक वेळा कडेला, मान खाली घालून उभा असतो. ज्याच्या पोटच्या मुलाचा प्रश्न आहे, त्यालाच त्या खोलीत बोलण्याचा अधिकार नाही. तो मालकाच्या पाया पडतो तेव्हा बाकीचे नजर चुकवतात आणि आपण प्रेक्षकही चुकवतो. शिवाय गुन्हेगार खालच्या वस्तीतून बंगल्यावर नजर ठेवून असल्यामुळे पडदे उघडे ठेवावे लागतात आणि पोलिसांना जमिनीलगत सरपटत वावरावे लागते. बाहेरचे एकही दृश्य न दाखवता बाहेरच्या माणसाची दहशत अशी आत आणली आहे.

याच भागातला एक प्रसंग मला साऱ्या चित्रपटात सर्वांत मोलाचा वाटतो. पैसे देण्याचा निर्णय झाल्यावर पोलिसांना बॅगांच्या अस्तरात दोन गुप्त पुड्या बसवायच्या असतात : एक पाण्यात भिजल्यास दुर्गंध सोडणारी, दुसरी जाळल्यास रंगीत धूर सोडणारी. गोंदो आपली उमेदवारीच्या काळातली बूट शिवण्याची जुनी हत्यारे मागवतो, जमिनीवर बसतो आणि चामडे उसवून स्वतःच्या हाताने टाके घालू लागतो. आलिशान कोटातल्या संचालकाखालचा कारागीर तेथे प्रथम दिसतो, आणि सबंध आयुष्याची कमाई ज्या बॅगांतून जाणार त्या बॅगा तो इतक्या नेटकेपणाने शिवतो, की पाहणाऱ्या पोलिसांचा त्याच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोनच बदलतो. तोवरचा तास सावकाश गेला नसता, तर या टाक्यांना काही किंमत उरली नसती.

आगगाडीतून पैसे फेकण्याची योजना पटली नाही. पोलिसांनी भरलेल्या गाडीत असे घडू शकेल?
— एक वाचक, नागपूर

योजनेचे बळ त्या गाडीच्या रचनेत आहे. पैसे ‘कोदामा’ या जलद गाडीतून न्यायचे असतात. हा १९६४ साली शिंकानसेन ही अतिवेगवान ‘बुलेट’ गाडी सुरू होण्यापूर्वीचा काळ आहे. वातानुकूलित डब्यांच्या खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे पैसे गाडीतच हस्तांतरित होतील असे गृहीत धरून पोलीस प्रवाशांचे चेहरे न्याहाळत बसतात. गुन्हेगार मात्र गाडीत नसतोच. तो गाडीतल्या फोनवर गोंदोला बोलावून घेतो आणि प्रसाधनगृहाची खिडकी सात सेंटिमीटर उघडते, नदीवरचा पूल ओलांडताच तेथून बॅगा टाका, असे सांगतो. बॅगांची जाडी सात सेंटिमीटरपेक्षा कमी असावी ही आधीची अट कशासाठी होती, ते पोलिसांना आणि आपल्याला एकाच वेळी कळते. हे चित्रण खऱ्या धावत्या गाडीत अनेक कॅमेरे एकदम चालवून केलेले आहे. तासभर खोलीत कोंडून घेतल्यानंतर येणारी ही काही मिनिटे अंगावर येतात ती त्यामुळेच.

संपूर्ण कृष्णधवल चित्रपटात एकदाच गुलाबी धूर दाखवणे ही निव्वळ चमत्कृती नव्हे काय?
— एक वाचक, नाशिक

मला तसे वाटत नाही. तो धूर कथेतला पुरावा आहे. गोंदोने शिवलेली पुडी कोणीतरी जाळली, हे शहराच्या आकाशात दिसले पाहिजे आणि राखाडी धुरांड्यांच्या गर्दीत ते रंगाशिवाय दिसले नसते. कुरोसावांनी पूर्ण रंगीत चित्रपट पुढे १९७० साली केला, तोवर रंगाचा त्यांनी केलेला वापर एवढाच.

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. गुन्हेगार ओळखू आल्यानंतरही त्याला मोकळे सोडून त्याच्यावर पाळत ठेवली जाते आणि त्या काळात आणखी एका स्त्रीचा जीव जातो. हा तपास आहे की हलगर्जीपणा? चित्रपट याचे समर्थन करतो, असे वाटून अस्वस्थ झालो.
— एक वाचक, सातारा

आपली अस्वस्थता अगदी योग्य आहे आणि एवढ्या पत्रांमध्ये हा मुद्दा केवळ आपणच मांडलात, याचे मला आश्चर्य वाटते. इन्स्पेक्टर तोकुरा याचे म्हणणे असे, की मूल सुखरूप परत आलेले असल्याने आताच अटक केली तर अपहरणासाठी फार तर पंधरा वर्षांची शिक्षा होईल आणि गोंदोच्या उद्ध्वस्त आयुष्यापुढे ती काहीच नाही. गुन्हेगाराने आपल्या दोन साथीदारांना शुद्ध हेरॉईन देऊन मारले आहे, ते सिद्ध करण्यासाठी पोलीस त्याला पुन्हा तोच गुन्हा करायला प्रवृत्त करतात. साथीदार जिवंत असल्याची त्याची समजूत करून दिली जाते. तो मादक द्रव्य विकत घेतो आणि ते जालीम आहे ना, हे पाहण्यासाठी व्यसनींच्या गल्लीतील एका स्त्रीवर त्याचा प्रयोग करतो. ती मरते, आणि पोलीस त्याच्या मागावर असूनही हे घडते.

मूल परत आणण्यासाठी जिवाचे रान करणारे हेच पोलीस त्या स्त्रीच्या मृत्यूपाशी थांबत नाहीत. तिला नाव नाही, तिच्यासाठी कोणी रडत नाही. एका मुलाच्या जिवाची किंमत तीन कोटी येन ठरवणाऱ्या चित्रपटात या स्त्रीच्या जिवाची कोणी किंमतच करत नाही. कुरोसावांना पोलिसांविषयी आदर आहे हे उघड आहे, आणि म्हणूनच ही घटना मला चित्रपटातला उणा भाग वाटते. दिग्दर्शकाने तेथे क्षणभर थांबायला हवे होते.

कुरोसावांच्या रागाचे कारण मात्र समजून घ्यावे. अपहरणाला जपानी कायद्यात असलेली शिक्षा त्यांना फार सौम्य वाटत होती आणि हा चित्रपट करण्यामागे ती चीड होती. चित्रपट १ मार्च १९६३ रोजी प्रदर्शित झाला आणि महिनाअखेरीस टोकियोत चार वर्षांच्या एका मुलाचे खंडणीसाठी अपहरण होऊन त्याचा खून झाला. त्या प्रकरणात पैसे घेऊन गुन्हेगार पोलिसांच्या हातून निसटला होता. पुढील वर्षी जपानच्या दंडसंहितेत खंडणीसाठीच्या अपहरणाचे स्वतंत्र कलम आले आणि जन्मठेपेची तरतूद झाली. आपल्याकडे भारतीय दंडसंहितेत अशा गुन्ह्यासाठी स्वतंत्र कलम, ३६४ अ, यायला १९९३ साल उजाडले, आणि २०२४ साली ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता येईपर्यंत लागू असलेल्या त्या कलमात जन्मठेपेबरोबर फाशीचीही तरतूद होती, हे आपणास ठाऊक असेलच.

गुन्हेगार वैद्यकीय शिक्षण घेतलेला तरुण आहे. एवढा शिकलेला माणूस केवळ हेव्यापोटी असे करील, हे पटत नाही.
— एक वाचक, पुणे

हेवा हे कारण अपुरे आहे, हे मान्य. तुरुंगातल्या अखेरच्या भेटीत हा गुन्हेगार, ताकेउची, गोंदोला सांगतो, की हिवाळ्यात गारठणाऱ्या आणि उन्हाळ्यात भाजून काढणाऱ्या आपल्या खोलीतून तो बंगला स्वर्गासारखा दिसत असे. पण त्याच परिस्थितीत राहणारे असंख्य लोक कोणाचे मूल पळवत नाहीत आणि गोंदो स्वतः गरिबीतूनच वर आलेला आहे. दिग्दर्शक हे प्रश्न सोडवत नाही. दोघांमध्ये जाळी आणि काच आहे, एकाचा चेहरा दुसऱ्याच्या प्रतिबिंबावर पडतो, आणि ताकेउची किंचाळू लागताच लोखंडी पडदा खाली येतो. गोंदोला विचारायचे असलेले तेथेच तुटते. उत्तर न देण्याचा हा निर्णय मला प्रामाणिक वाटतो, कारण एखादे नीट बसणारे कारण हाती दिले असते तर आपण निश्चिंत होऊन उठलो असतो.

स्पाइक ली यांनी २०२५ साली याच कथेवर केलेला इंग्रजी चित्रपट आधी पाहावा की मूळ? आणि घरातल्या मुलांबरोबर मूळ चित्रपट पाहता येईल का?
— एक वाचक, ठाणे

मूळ आधी पाहावा. त्या आवृत्तीत कथा न्यूयॉर्कच्या संगीतव्यवसायात नेली आहे आणि बदल कोठे व का केले, हे मूळ माहीत असेल तरच कळते. खुद्द कुरोसावांनीही चुकून दुसऱ्याचे मूल पळवले जाण्याची कल्पना एड मॅकबेन यांच्या १९५९ सालच्या अमेरिकन कादंबरीतून घेतली होती, त्यामुळे ती कथा पुन्हा अमेरिकेत गेली यात वावगे काही नाही.

मुलांविषयी : अपहृत मुलगा मध्यावरच सुखरूप परततो, त्यामुळे ती भीती नाही. परंतु व्यसनींच्या गल्लीचे दृश्य लहान मुलांच्या मनात घर करून राहील असे आहे, म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलांना तूर्त दाखवू नये. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांबरोबर मात्र जरूर पाहावा, आणि गोंदोने पैसे द्यावेत की नाही, हे त्यांना बॅगा गाडीबाहेर पडण्याआधीच विचारावे.