एकोणीस एकांची वही

"मॅडम, याला वेड तर लागणार नाही ना?" खुर्चीत टेकायच्या आधीच आईने विचारलं. मुलगा नववीत. रोज रात्री वहीत भागाकार करत बसतो, घटक चाचणीत मात्र गणितात काठावर पास. पोर एकाच गोष्टीत अडकलंय, ही काळजी घेऊन बरेच पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतात. कुणाचं पोर लोकलच्या वेळापत्रकात बुडालेलं, कुणाचं क्रिकेटच्या आकड्यांत.

मी आधी झोप, जेवण, मित्र यांची चौकशी केली. जागरण साडेअकरापर्यंत, एवढीच खोट. खालून मित्रांची हाक आली की वही तशीच टाकून पळतो, असं आईच बोलून गेली. तिला ती तक्रार वाटत होती. माझा मात्र अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला.

मग वही पाहिली. पानभर नुसते एक. 111 म्हणजे 3 × 37. 11111 म्हणजे 41 × 271. 1111111 म्हणजे 239 × 4649. शेवटच्या पानावर सलग एकोणीस एक, आणि खाली भागून, काट मारलेल्या संख्या : 191, 229, 419, 457, 571, 647.

"मधल्या मूळ संख्या कुठे गेल्या?"

आतापर्यंत गप्प असलेला मुलगा पुढे सरकला. "त्या बघायच्याच नाहीत. सात एकांचे दोन्ही अवयव 14 ने भागा, बाकी 1. पाच एकांचे 10 ने भागा, बाकी 1. म्हणजे एकोणीस एकांसाठी, ज्यांना 38 ने भागून 1 उरेल, त्याच बघायच्या."

बरोबर आहे ते. फर्माच्या प्रमेयातून सिद्धही होतं, पण याने नुसतं बघून हेरलं होतं. मंत्रचळ लागलेला माणूस सहसा काही गाळू शकत नाही, एक राहिलं तरी जीव कासावीस होतो. हा तर काम वाचवायच्या वाटा शोधत होता.

आईला मी देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांबद्दल सांगितलं. 111 चा वर्ग 12321, अशा संख्यांना त्यांनी 'डेम्लो' म्हटलं, ते डोंबिवली स्टेशनवरून.

"आमच्या डोंबिवलीवरून?" ती पहिल्यांदा हसली.

ठरलं ते साधंच : साडेदहाला वही बंद, आणि पेपरात पायऱ्या लिहायच्या. मार्क तिथेच जात होते, उत्तरं बरोबर होती.

एकोणीस एकांची ती संख्या मूळ आहे, 1 आणि ती स्वतः सोडून तिला अवयवच नाहीत. हाताने खात्री करायची तर 105 कोटींपर्यंत जावं लागेल. एवढाच आकडा मी त्याला सांगितला. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "उत्तर सांगू नका हं."

तो चपला घालत होता तेव्हा आई हळूच माझ्या कानाशी आली. "तुम्हाला माहितीये ना? मग मला तरी सांगा."


तिलाही नाही सांगितलं.